घरगुती ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोनची निवड : गंगापूर तालुक्यातील ओव्यांच्या निमित्ताने

ओवीचे संकलन म्हणजे तिचा पाठ वहीत उतरवून घेणे, अशी समजूत आपल्या अभ्यासात दीर्घकाळ रूढ होती. पाठाचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु ओवीची चाल, चरणाचे आवर्तन, मध्येच घेतलेला श्वास आणि उच्चाराचे स्थानिक वळण या गोष्टी लेखणीच्या हाती लागत नाहीत. हेमा रायरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि १९९० नंतरच्या दशकात त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही करविले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या ओव्या आज ऐकावयास मिळतात, त्या यामुळेच. वीजेच्या गिरण्यांनी जाते मागे पडले, त्याला आता बराच काळ लोटला. ज्यांच्या कंठात ओवी आहे अशा स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्यासमोर मायक्रोफोन मांडण्याची संधी बहुधा एकदाच येते, आणि त्या वेळी झालेली चूक पुढे प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही.

‘कोणता मायक्रोफोन घ्यावा?’ हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तो गायिकेच्या मुखापासून किती अंतरावर राहणार, हा होय. आणि त्याचे उत्तर घरावर अवलंबून आहे.

गंगापूर तालुक्यात गोदाकाठच्या कायगाव टोक्यापासून लासूरपर्यंत हिंडणाऱ्या अभ्यासकास तीन प्रकारच्या छतांखाली बसावे लागेल : माळवदाचे जुने घर, पत्र्याचे घर, आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीभोवती विशेष वाढलेली काँक्रीटची खोली. माळवदाची माती व शेणाने सारवलेली भूमी आवाज पुष्कळसा शोषून घेतात. पत्रा, गिलावा केलेली भिंत आणि शहाबादी फरशी मात्र तो परत फेकतात. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ फूट उंच अशी रिकामी खोली घेऊ आणि तीत आवाज विरण्यास सुमारे एक सेकंद लागतो असे धरू. गणिताने असे दिसते की, अशा खोलीत मुखातून थेट आलेला आवाज व भिंतींवरून परतलेला आवाज हे सुमारे एका फुटावरच समसमान होतात. मायक्रोफोन तीन फुटांवर ठेवला तर थेट आवाजाची शक्ती परतलेल्या आवाजाच्या नवव्या हिश्श्याइतकी उरते. सहा इंचांवर आणला तर ती त्याच्या चौपट होते. अंतरातील या फरकाने जे साधते ते कितीही मूल्यवान यंत्राने साधत नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा विद्युत मायक्रोफोन मुद्रणात आलेलाच नव्हता (तो १९२५ च्या सुमारास आला). गायकाला कर्ण्याजवळ तोंड नेऊन गावे लागे. ती सक्ती गैरसोयीची खरी, पण एका अर्थाने हितावहही होती.

आता यंत्राकडे वळू. डायनॅमिक मायक्रोफोनात पातळ पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते व त्यातून वीज निर्माण होते. कंडेन्सर मायक्रोफोनात पडदा व त्यामागील स्थिर पट्टी यांतील अंतर बदलते. त्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा बाहेरून द्यावा लागतो. पहिला दणकट, पण मंद. दुसरा नाजूक, पण सूक्ष्मग्राही. पडदा हलका असल्याने कंडेन्सर उच्च कंपनसंख्येचे ध्वनी अधिक विश्वासूपणे टिपतो, आणि मराठीच्या अभ्यासकाला हे ध्वनी सोडून चालत नाही. ‘थोडेसे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ यांतील दंत्य-तालव्य भेद लिपी दाखवीत नाही. तो कानानेच ओळखावा लागतो. घर्षणाचा हा अंश उच्च कंपनांत असतो, आणि तोच बोथट झाला तर मुद्रण ऐकून उच्चारनिर्णय करणे धोक्याचे ठरते.

मग कंडेन्सरच घ्यावा काय? शांत माळवदी घरात, अवश्य. परंतु पत्र्याखाली, शेजारी पंखा, रस्त्यावर ट्रॅक्टर, अशा स्थितीत त्याची सूक्ष्मग्राहिता हीच अडचण होते. तेथे हृदयाकृती क्षेत्राचा, म्हणजे समोरचे अधिक व पाठीमागचे अत्यल्प ऐकणारा, साधा डायनॅमिक मायक्रोफोन चार-सहा इंचांवर धरणे मी पसंत करीन. शुअर कंपनीचा १९६६ पासून प्रचारात असलेला एसएम ५८ हा या जातीचा परिचित नमुना होय. त्याच्यापासून मिळणारी वीज फारच अल्प असल्याने मुद्रणयंत्राचा वर्धक चांगला हवा, एवढे पाहावे. असा एकदिश मायक्रोफोन अतिनिकट आणला की खर्ज अवास्तव फुगतो. सर्वदिश मायक्रोफोनात हा दोष नसतो. स्वरगुणाचे मोजमाप करणाऱ्याने हे विसरू नये. शिवाय ख, फ, भ अशा महाप्राण वर्णांचा श्वास सरळ पडद्यावर आदळतो. म्हणून मायक्रोफोन ओठांच्या रेषेत न ठेवता किंचित बाजूस ठेवावा.

जाते प्रत्यक्ष फिरत असेल तर प्रश्न अधिक रोचक होतो. घरघर हा काहींना केवळ व्यत्यय वाटतो. वस्तुतः ओवीची लय त्या फेऱ्यांशी बांधलेली असल्याने ती पुसून टाकणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय. ती राहावी, पण शब्दांवर मात करू नये. दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवीत असतील तर द्विदिश, म्हणजे पुढून व मागून सारखेच ऐकणारा आणि बाजूंना बधिर असलेला, मायक्रोफोन दोघींच्या मुखांच्या उंचीवर मधोमध टांगावा. त्याच्या दोन सन्मुख दिशा दोघींकडे वळल्या की खालचे जाते आपोआप बधिर बाजूस येते. एकटी स्त्री दळत असेल तर ती प्रत्येक फेऱ्याबरोबर पुढेमागे झुकते व अंतर सतत बदलते. अशा वेळी पदराला लावण्याचा छोटा सर्वदिश मायक्रोफोन उपयोगी पडतो. मात्र बांगड्यांची किणकिण व पदराची सळसळ सोसावी लागते. उभा स्टँड जमिनीवर असेल तर त्याखाली चौघडी केलेली वाकळ घालावी, म्हणजे जात्याचा कंप वर चढत नाही. (भिंतीवर टांगलेल्या दोन वाकळी खोलीचा गुंजही पुष्कळ कमी करतात, याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.)

मोबाइल फोनला हिणविण्याचे कारण नाही. त्याचा स्वतःचा मायक्रोफोन सहा इंचांवर पुष्कळदा समाधानकारक काम देतो. खोड असते ती आवाजाची पातळी आपोआप वरखाली करण्याच्या व ‘गोंगाट’ गाळण्याच्या व्यवस्थेत. ही व्यवस्था घरघरीलाच गोंगाट समजते आणि तिच्याबरोबर ओवीच्या शेवटच्या क्षीण अक्षरांनाही कात्री लावते. ती बंद करता येईल असेच मुद्रण-अ‍ॅप वापरावे, आणि ध्वनी संक्षेपित न करता वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांवर साठवावा.

गायन सुरू होण्यापूर्वी रिकाम्या खोलीची एक मिनिट शांतता मुद्रित करावी. नंतर मायक्रोफोनचे नाव, त्याचे मुखापासूनचे अंतर, छताचा प्रकार आणि जाते फिरत होते की नव्हते, हे संकलकाने स्वतःच्या आवाजात त्याच मुद्रणाच्या आरंभी बोलून ठेवावे. वेगळ्या कागदावर केलेली नोंद मुद्रणापासून दुरावण्यास वेळ लागत नाही.