फोडणीच्या डब्यातली भाजी

मराठी घरात मोहरीला मान आहे, पण तो तिच्या दाण्याला. तेल तापले की पहिली तीच तडतडते. लोणच्याच्या दिवसांत ती फेसली जाते आणि साऱ्या घराच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढते. तान्हे मूल किरकिरू लागले की मिठाच्या जोडीने त्याच्यावरून उतरली जाते. एवढी कामे करणाऱ्या या दाण्याला पाने फुटतात आणि त्यांची उत्तम भाजी होते, हे मात्र आपल्या फारसे ध्यानीमनी नसते. आसामात लाई शाक रोजच्या जेवणात असते. नेपाळात हीच पाने आंबवून, वाळवून गुंद्रुक करतात. पंजाबचा साग तर आता आपल्याकडच्या लग्नांतही दिसतो. आपण मात्र फोडणीपाशी थांबलो.

या पानाची ओळख मला बँकेने करून दिली. 1989 साली बदलीचा कागद हाती पडला तो लुधियाना जिल्ह्यातल्या एका शाखेचा. पंजाबचे ते दिवस वाईट होते. दिवेलागणीला रस्ते ओस पडत. ज्यांच्या घरी मी खोली घेतली होती, त्या बाईंना सगळे ‘बीजी’ म्हणत. मीही म्हणू लागलो. थंडीत त्यांच्या अंगणातल्या चुलीवर भर दुपारीच सागाचे मडके चढे. मोहरीची पाने जास्त, पालक थोडा आणि बाथू, म्हणजे आपला चाकवत. संध्याकाळपर्यंत ते मंद आचेवर रटरटे. मग लाकडी रवीने घोटणे, मक्याचे पीठ लावणे, वर आले-लसूण आणि लोणी. दोन मुलगे, सून आणि मी, अशी चार माणसे बाहेरून यायची असत. कोणाला उशीर झाला तर बीजी बोलत नसत. मडक्यात थोडे पाणी घालीत आणि आच कमी करीत.

चार-पाच तास शिजणारी भाजी दुपारी चुलीवर चढवायची, तर संध्याकाळी सगळी माणसे घरी येतील असा भरवसा लागतो. त्या हिवाळ्यांत तो सोपा नव्हता. आमच्या घरची माणसे रोज परत आली. मागच्या गल्लीतल्या एका घरचा मुलगा आला नाही. त्या रात्री बीजींनी सगळा साग त्या घरी पोचवला आणि आम्ही लोणच्याशी रोटी खाल्ली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, ही रीत तिथेही आपल्यासारखीच.

निवृत्तीनंतर पुण्यात घरामागे दहा बाय सहा फुटांचा तुकडा हाती आला, तेव्हा बियाणे मी सौ.च्या फोडणीच्या डब्यातूनच घेतले. आपली नेहमीची तपकिरी मोहरी चालते. कोजागिरी उलटली की वाफा भुसभुशीत करावा. चिमूटभर दाणे मूठभर वाळूत मिसळून पेरावेत, म्हणजे दाट पडत नाहीत. वर अर्ध्या पेराएवढीच माती. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. विरळणीत उपटलेली कोवळी रोपे कोशिंबिरीत घालावीत. महिना-सव्वा महिन्याने बाहेरची मोठी पाने खुडायला लागावे, मधला शेंडा मात्र राखावा. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितले तेच इथेही. ढगाळ हवेत मावा पडतो. तो दिसताच साबणाच्या सौम्य पाण्याने पाने धुवावीत. फुले धरली की पान जून आणि कडवट होते.

कच्चे पान चावले तर नाकात झिणझिण्या येतात. पानात दोन द्रव्ये वेगवेगळी साठवलेली असतात. पान चिरडले की ती एकत्र येतात आणि तिखट तेल तयार होते. किड्यांपासून बचावाची ही झाडाची तजवीज. शिजवल्यावर उष्णतेने हे काम थांबते आणि तिखटपणा निवतो. फेसलेली मोहरी झोंबते आणि फोडणीतली झोंबत नाही, त्याचेही कारण हेच. जपानमध्ये काम करणाऱ्या नागाहारू यू या शास्त्रज्ञाने 1935 साली या मोहरीचे कूळही दाखवून दिले. काळ्या मोहरीच्या गुणसूत्रांच्या 8 जोड्या, सलगमाच्या जातीच्या 10, आणि दोघींच्या संकरातून झालेल्या या मोहरीच्या बरोबर 18. ताळा इतका चोख जमलेला पाहून बँकेतल्या माणसाला बरे वाटते.

रोजच्या भाजीला पाला बारीक चिरावा, लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर वाफवावा, वर ओले खोबरे. एक सावधगिरी: या पानांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

साग मात्र आमच्याकडे रविवारीच होतो. इतर दिवशी मुलगा नऊला येतो, सून साडेनऊला, नात शिकवणीहून मधेच केव्हातरी. ज्याचे त्याचे ताट झाकून ठेवलेले. कुकरमध्ये साग अर्ध्या तासात होतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी सकाळीच पातेले चढवतो. वासाने एकेक जण स्वयंपाकघरात डोकावते, कोणी रवी हातात घेते, नात “कडू आहे” म्हणत दोन घास खाते. माणसे एका वेळी पानावर बसतात, ती त्या पातेल्यामुळे.

थंडी सरताना दोन-चार रोपे फुलू द्यावीत. पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात, मग शेंगा धरतात, वाळतात. दाणे झाडून पुन्हा फोडणीच्या डब्यात भरावेत आणि त्यातले चिमूटभर पुढच्या कोजागिरीसाठी पुडीत बांधून ठेवावेत.