चिनी मातीतील माणसे

मातीचे भांडे म्हटले की आम्हा मानपूरकरांच्या डोळ्यांपुढे माठ आणि पणती उभी राहते. कादंबरीतील माणसे बशीवर व सुरईवर अवतरावीत, ही कल्पना वाचकांस नवी वाटेल. इंग्लंडात मात्र तिची मोठी परंपरा आहे.

स्टॅफर्डशायरमधील बर्सलेम हे कुंभारकामाचे गाव. तेथील पिंडर-बोर्न कारखान्यात उमेदवारी केलेले जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरील कष्टकऱ्यांची शिल्पे त्यांच्याच आराखड्याची होत. पुढे तो कारखाना डोल्टन घराण्याकडे गेला. सांडपाण्याच्या भाजीव नळांनी लंडनमध्ये नावारूपास आलेल्या या घराण्याला १९०१ साली राजमान्यता मिळाली आणि ते 'रॉयल डोल्टन' झाले.

१९०८ च्या सुमारास तेथील चार्ल्स नोक यांनी डिकन्सच्या पात्रांची भांडी काढली. चित्राच्या रेषा कागदावरून भांड्यावर उतरवीत आणि रंग हाताने भरीत. १९३४ पासून माणसाच्या मुखवट्याच्या सुरया निघाल्या. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतावयाची. साचा पाणी शोषून घेतो, कडेला थर धरतो. उरलेली माती ओतून टाकली की आत पोकळ चेहरा तयार.

त्यांतील सेरी गॅम्पच्या सुरईची मूठ म्हणजे तिची छत्री. 'मार्टिन चझलविट' या कादंबरीतील ही मद्यपी, बेपर्वा सुईण इतकी गाजली की इंग्रजीत छत्रीलाच 'गॅम्प' म्हणू लागले. कपाटातील तिचा चेहरा पाहून हसू येते. पण गरिबांच्या रुग्णशय्येपाशी कसली माणसे बसत, हे दाखवून समाजास लाजविण्यासाठी डिकन्सने ती रंगविली होती. चेहरा टिकला, संताप मात्र विसरला गेला.

बर्सलेमचा तो कारखाना २००५ साली बंद पडला. आज संग्राहक या सुरया हौसेने जमवितात. कोणाच्या घरी असे भांडे निघाल्यास बुडाखालचा सिंह-मुकुटाचा शिक्का पाहावा, तडा आहे का हे तपासावे. जुन्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून त्यातून खाऊपिऊ नये.

आणि मुलांनी "ही बाई कोण?" असे विचारले, तर किंमत न सांगता तिची गोष्ट सांगावी. शेजारी कोणी आजारी असेल, तर त्याच्या उशाशी आज कोण बसले आहे, हेही त्याच वेळी पाहून यावे.