नळ दारात आला; कामाची वाटणी बदलेल का?

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हा जुलै २०२२ मध्ये देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. पुढच्याच महिन्यात राज्य म्हणून तो मान गोव्याला मिळाला. तापीकाठच्या या जिल्ह्यात १५ ऑगस्ट २०१९ रोजी ग्रामीण भागातील १,०१,९०५ घरांपैकी केवळ ३७,२४१ घरांत नळजोडणी होती. उरलेल्या घरांना पाणी बाहेरून आणावे लागे आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे हे काम प्रामुख्याने घरच्या स्त्रियांच्या व मुलींच्या वाट्याला येते.

पाण्याच्या नियोजनाची परंपरा या नगरीला नवी नाही. मुघल काळात बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यातून सातपुड्यात झिरपणारे भूजल केवळ उताराच्या बळावर भुयारातून शहरात आणले जाई. मात्र अशा योजना पाणी वस्तीपर्यंत पोहोचवतात. तेथून चुलीपर्यंतचे अंतर कोणी चालायचे, हे समाज ठरवतो.

जल जीवन मिशनने हे अंतर मिटवतानाच स्त्रियांची भूमिकाही बदलू पाहिली. गावच्या पाणी समितीत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि पाण्याची गुणवत्ता तपासण्याचे प्रशिक्षण प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. मध्य प्रदेशात पंचायतींच्या निम्म्या जागाही स्त्रियांसाठी राखीव आहेत. पाणी वाहणारी स्त्री आता पाण्याविषयी निर्णय घेणारी ठरावी, हा त्यामागील हेतू होय.

परंतु नळामुळे वेळ वाचतो. कामाची वाटणी आपोआप बदलत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात सहभागी होणारे पुरुष केवळ ८८ मिनिटे. ही तफावत कायम राहिली, तर हंड्याचा वाचलेला वेळ भांडी, धुणी आणि रांधण्यातच विरून जाईल. केळीच्या खोडापासून धागा काढणाऱ्या बचत गटात काम करायचे, मुलीने शाळेत टिकायचे किंवा ग्रामसभेला बसायचे, तर घरातील कामाचा काही भार पुरुषांनी उचलणे अपरिहार्य आहे.

शंभर टक्के जोडण्यांचे प्रमाणपत्र शासन देऊ शकते. त्या नळाखाली भांडे कोणी धरायचे, हा प्रश्न मात्र बुऱ्हाणपुरात जितका खुला आहे, तितकाच गोव्यातही.