इंग्रजी शब्दांचे पाठांतर आणि परिचय

चैत्र-वैशाखाचे हे दिवस मुलांच्या विसाव्याचे आणि पालकांच्या काळजीचे असतात. शालान्त परीक्षा आटोपलेली असते, निकाल लागायचा असतो, आणि या मोकळ्या काळात मुलाचे इंग्रजी सुधारून घ्यावे असा विचार घरोघर सुरू होतो. मग बाजारातून कठीण इंग्रजी शब्दांचे एखादे जाडजूड पुस्तक येते. रोज पन्नास शब्द पाठ करावयाचे, असा दंडक ठरतो. जून उजाडतो तेव्हा पुस्तकाची पहिली चार पाने मळलेली असतात आणि उरलेली कोरी करकरीत असतात.

आम्हीही विद्यार्थिदशेत हा उद्योग केला आहे. दोनशेपानी वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ अशी दोन रकान्यांची मांडणी आम्ही मोठ्या निष्ठेने केली होती. सुट्टी संपली तेव्हा वही भरली होती. डोके मात्र होते तसेच राहिले होते. त्या वेळी आम्ही दोष आमच्या स्मरणशक्तीला दिला. वस्तुतः दोष पद्धतीचा होता.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत जातो, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याची छाती दडपते. काल गणितात पुढे असणारा मुलगा आज मागच्या बाकावर मुका बसतो. आपली बुद्धीच कमी आहे, अशी त्याची समजूत होते. कधी कधी घरच्यांचीही होते. आडवी आलेली असते ती काही शे शब्दांची भिंत, आणि ती ओलांडता येते. ती कशी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम, कोणते शब्द शिकावे? डाक्का येथे अध्यापन केलेले इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. हा झाला पाया. त्यानंतर ॲव्हरिल कॉक्सहेड या विदुषींनी २००० साली उच्च शिक्षणाच्या ग्रंथांत वारंवार येणाऱ्या शब्दांची छाननी करून ५७० शब्दकुलांची यादी सिद्ध केली. ॲनालाइज, कन्सेप्ट, एव्हिडन्स, हायपोथेसिस हे त्यांतलेच. विद्यापीठीय लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द या ५७० कुलांतले असतात. म्हणजे दर दहा शब्दांमागे एक! हे शब्द इतिहासात येतात तसेच रसायनशास्त्रातही येतात. विद्वत्ता दाखवण्यापुरतेच उपयोगी पडणारे दुर्मिळ शब्द पाठ करण्याआधी या शब्दांशी गट्टी जमवावी.

आता ते शिकावे कसे? आपल्याकडे अमरकोश तोंडपाठ करण्याची परंपरा होती. म्हणून पाठांतराला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु अमरकोशाची रचना पाहा. स्वर्ग, काल, भूमी, वनौषधी असे अर्थाचे वर्ग त्यात केलेले आहेत. इंग्रजीत पीटर रॉजे यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेला कोशही अर्थानुसार रचलेला आहे. वर्णानुक्रम ही शब्द सापडण्याची सोय आहे. लक्षात राहण्याची नव्हे. एका गल्लीत राहणाऱ्या माणसांची नावे आपल्याला सहज आठवतात. मतदारयादीतली आठवत नाहीत. शब्दांचेही तसेच आहे.

शब्दांची गल्ली म्हणजे त्यांचे कुल. येथे मराठी विद्यार्थ्याजवळ एक मोठी पुंजी आहे आणि तिची त्याला कल्पना नसते. निरीक्षण, परीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा हे शब्द त्याला लहानपणापासून येतात. या सर्वांत 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, हा एकच धातू आहे. मागचे उपसर्ग तेवढे बदलतात. इंग्रजीनेही लॅटिनकडून अशीच पद्धत उचलली आहे. लॅटिनमध्ये 'पाहणे' या अर्थाचा जो धातू आहे, तो इंग्रजीत 'स्पेक्ट' या रूपाने येतो. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे, निरीक्षण करणे. प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे दिसणारी शक्यता. रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणे, आपले सिंहावलोकन. इन्ट्रोस्पेक्शन म्हणजे आत्मपरीक्षण. सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, सावध. आणि एक्स्पेक्ट म्हणजे चक्क अपेक्षा! ज्याला उपसर्ग आणि धातू ही कल्पना मराठीतून कळली आहे, त्याला हे अर्धा डझन शब्द एका बैठकीत कळतात आणि सहसा विसरत नाहीत.

हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने ते ग्राह्य ठरले. संस्कृतात 'स्पश्' म्हणजे पाहणे. त्यावरून आपला 'स्पष्ट' हा शब्द आला, आणि 'स्पेक्ट' हा त्याचाच दूरचा भाऊ आहे. दन्त आणि डेंटल, ज्ञान आणि कॉग्निशन हीही अशीच नाती होत. तेव्हा इंग्रजी सुधारावे म्हणून मुलाच्या हातचे मराठी पुस्तक काढून घेणारे पालक त्याच्या हातची किल्लीच काढून घेत असतात.

मात्र किल्ली जपून वापरली पाहिजे. रस्त्यावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. 'इन' म्हणजे नकार एवढेच ज्याने घोकले आहे, तो याचा अर्थ 'न पेटणारे' असा करील आणि प्राणाशी खेळ होईल. येथील 'इन' नकाराचा नसून 'आत' या अर्थाचा आहे. शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारे. उलट, 'इन्व्हॅल्युएबल' यात नकार आहे, तरी अर्थ कवडीमोल असा नाही. आपल्या 'अमूल्य' शब्दाकडे पाहावे, म्हणजे उलगडा होतो. तात्पर्य, कुलावरून अंदाज बांधावा आणि कोश उघडून तो पडताळावा.

कुलाइतकीच संगतही महत्त्वाची. मराठीत ऊन कडक, चहा कडक आणि शिस्तही कडक. इंग्रजीत मात्र चहा स्ट्राँग असतो, शिस्त स्ट्रिक्ट असते आणि उन्हाला आणखी तिसरेच विशेषण लागते. समजा, एखाद्या मुलाने 'नोटोरियस'चा अर्थ 'प्रसिद्ध' एवढाच टिपून ठेवला आणि निबंधात लोकमान्यांना ते विशेषण बहाल केले, तर काय होईल? शब्द इंग्रजी आहे, व्याकरण शुद्ध आहे, आणि थोर पुरुष कुप्रसिद्ध ठरला आहे! म्हणून कोणताही शब्द एकटा टिपू नये. ज्या वाक्यात तो भेटला, ते वाक्यच टिपावे.

राहिला प्रश्न विस्मरणाचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले बहुतेक आरंभीच्या काळात झपाट्याने विसरते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हेही त्यांनी दाखवून दिले.

यावरून विद्यार्थ्यांना एक साधा क्रम सुचवतो. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला किंवा पाठ्यपुस्तकातला एक उतारा वाचावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी संदर्भावरून ताडावा आणि मगच कोश पाहावा. त्यांतले पाच-सहाच शब्द निवडावे. प्रत्येकासाठी पोस्टकार्डाएवढा कागद घ्यावा. पुढच्या बाजूस शब्द. मागच्या बाजूस तो भेटला ते वाक्य, त्याचे भाऊबंद, मराठी अर्थ आणि आपण स्वतः रचलेले एक वाक्य. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तो कागद पुन्हा हाती घ्यावा. मागची बाजू न पाहता अर्थ आठवण्याचा यत्न करावा आणि मगच कागद उलटावा. नुसती नजर फिरवल्याने काम होत नाही.

रोज पाच शब्द म्हणजे सुट्टीच्या दोन महिन्यांत तीनशे होतात. पुस्तकातल्या पन्नासांच्या दंडकापुढे हा हिशेब कदाचित क्षुल्लक वाटेल. पण हे तीनशे जून उजाडल्यावरही जागेवर राहतील, आणि अकरावीच्या वर्गात त्यांतला एखादा फळ्यावर उमटेल तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे होईल. त्याचा हात वर होण्यास तेवढा धीर पुरेसा असतो.