बकप!

कबड्डीचा सामना असो, शाळेच्या मैदानावरची शर्यत असो की जत्रेतली रस्सीखेच असो, आपल्या मुलखात एक आरोळी ठरलेली आहे. ती म्हणजे 'बकप!' इंग्रजीचे अक्षरही न शिकलेला गडी ती देतो, आणि मौज अशी की अगदी अचूक जागी देतो. इंग्रजी शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे बीड जिल्ह्यात गेली. वर्गात मी कानीकपाळी ओरडून शिकवलेले शब्द पोरे पेपर देऊन घरी पोहोचेपर्यंत विसरली. न शिकवलेला हा शब्द मात्र त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळाला असावा!

एकदा सातवीतल्या एका चौकस मुलाने विचारलेच, "सर, बकप म्हंजी काय हो?"

मूळ शब्द 'बक अप'. 'बक' म्हणजे नर. हरणाचा, सशाचा, शेळीचासुद्धा. हे ऐकताच वर्गात "बोकड! बोकड!" असा जो गलका झाला, तो आवरायला पाच मिनिटे लागली. पुढे अठराव्या शतकात विलायतेत नटव्या, ऐटबाज तरुणांना 'बक' म्हणू लागले. त्या ऐटीवरूनच 'बक अप' म्हणजे सावरून, ताठ होऊन उभा राहा, असा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, असे कोशकार मानतात. त्यातून दोन फाटे फुटले : एक 'धीर धर, तोंड पाडू नकोस', आणि दुसरा 'आटप लवकर'. आपल्या मैदानावरच्या बकपमध्ये हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात.

पण एक खोच ध्यानात ठेवावी. इंग्रज माणूस दुःखी मित्राला 'चिअर अप' म्हणतो तेव्हा त्यात माया असते. 'बक अप' म्हणतो तेव्हा किंचित वैतागही असतो. 'पुरे झाले रडगाणे' असा. तेव्हा कुणाच्या घरी समाचाराला गेलात तर हा शब्द उंबऱ्याबाहेरच ठेवावा. शिवाय खुद्द विलायतेत तो आता बराच जुनाट झाला आहे.

या शब्दांची घरेही पाहण्यासारखी आहेत. 'चिअर' हा जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता चेहरा. 'एन्करेज'मध्ये दडले आहे काळीज. म्हणजे इंग्रजांचे उत्तेजन तोंडावर आणि काळजात. आपले मात्र पाठीवर! आपण पाठ थोपटतो, पाठीवर हात ठेवतो, पाठीशी उभे राहतो. उमेद आणि हिंमत आपण फारसी-अरबीकडून घेतल्या. 'शाबास' हाही फारसी, 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, म्हणून हा शब्द आमच्याकडे जास्त, असे कुणी समजू नये. तो साऱ्या महाराष्ट्राचा आहे. इतकेच काय, साहेबालाही त्याची भुरळ पडली. इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा 1886 सालचा कोश उघडा, तिथे शाबास बसलेला दिसेल.

मग शाबास हाताशी असताना बकप का लागला? माझे मत असे की, शाबास काम फत्ते झाल्यावर मिळते. बकप दमछाक चालू असताना मिळते. पहिली कमाई आहे, दुसरी उचल आहे.

'उचल' हा शब्द आमच्या जिल्ह्यात नवा नाही. दसरा उलटला की मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात; माणसांची मोजदाद हत्याराने! हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कित्येक वाड्यावस्त्यांवर दिवाळीची पणती लावायला म्हातारी माणसेच उरलेली असतील. पोरे एक तर फडावर, नाहीतर आजीपाशी.

अशा मुलखातूनही कुणी निघतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज मैलोगणती पायपीट करी. आईवडिलांनी वीटभट्टीवर राबून त्याला वाढवले. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले. 1998 ते 2018 या काळातल्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती! त्याचे सुवर्ण हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. ते त्याने पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत वसूल केले.

पोरांसाठी ओरडायला गाव असते. पोरींचे काय? 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या फक्त 807. सबंध राज्यात सर्वांत कमी. जिला जन्माला येऊ देण्याचीच मारामार, तिला बकप कोण देणार?

एका जानेवारीत शाळेच्या क्रीडादिनी मुलींची 400 मीटरची शर्यत होती. सहावीतली एक मुलगी अनवाणी पळत होती. तिचे आईबाप फडावर. इतर मुलींच्या नावाने थोडाफार ओरडा चालला होता, हिच्या नावाने कुणी नाही. शेवटच्या वळणावर ती मागे पडू लागली, तोच कुंपणाबाहेरून एक चिरका आवाज आला, "बकप गं माय! बकप!" डोईवरचा सरपणाचा भारा तसाच सावरीत तिची आजी उभी होती. मुलीने मान वळवली नाही, पण पाय उचलले. वर्गात बत्तीस वर्षांत मी इंग्रजीचा इतका चोख उपयोग ऐकला नाही. धीरही त्यात, घाईही त्यात, आणि 'गं माय' लागल्याने साहेबाचा तो वैताग पार विरघळलेला.

शर्यत संपल्यावर आजी भारा खाली ठेवून माझ्याकडे आली.

"गुर्जी, कितवी आली?"

"तिसरी."

"तिसरी म्हंजी पास का?"

"पास, आजी."

"मग तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या," ती म्हणाली. "तिच्या बापाला फडावर धाडते."