पितळी हंडा, काळी फरशी आणि लेझर

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालं की साधारण 20 किलोमीटरवर सोनगीरचा किल्ला दिसतो. गावाचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. उन्हाळ्यात सकाळी झाडलेली ओसरी दुपारपर्यंत पुन्हा धुळीने भरते. घर झाडणाऱ्या रोबोला इथे कामाची वाण नाही. त्याला हे घर कळेल का, एवढाच प्रश्न.

जाहिराती केर ओढण्याच्या ताकदीचे, म्हणजे पास्कलचे आकडे मिरवतात. खरी करामत वेगळीच आहे: आपण खोलीत नेमके कुठे आहोत, हे यंत्राला कळणं. अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीने 2002 साली आणलेल्या पहिल्या रूम्बाला ते कळत नव्हतं. गोल गोल फिरायचं, धडकलं की दिशा बदलायची, मध्येच भिंतीच्या कडेने चालायचं. पलंगाखालची जागा तीनदा झाडली जाई, दारामागची राहून जाई. तरीही तो धडाक्यात खपला.

2010 मध्ये निएटो कंपनीच्या यंत्रावर फिरता लेझर आला. डोक्यावरच्या घुमटीतून निघालेला अदृश्य किरण भिंतीवर पडतो आणि परतलेला ठिपका संवेदकावर कुठे उमटला, त्यावरून अंतर निघतं. चाकं किती फिरली, याचाही हिशेब सोबत असतोच. पण गालिच्यावर चाक घसरतं आणि हिशेब चुकतो. मग दिसणाऱ्या भिंती, पलंगाचे पाय नकाशाशी जुळवून यंत्र आपली जागा दुरुस्त करतं. पेच असा, की नकाशाही त्याच फेरीत तयार होत असतो. जागा कळायला नकाशा हवा, नकाशा काढायला जागा ठाऊक हवी! दोन्ही एकदम सोडवणाऱ्या या पद्धतीला अभियंते ‘स्लॅम’ म्हणतात. 2015 च्या रूम्बा 980 ने हेच काम कॅमेऱ्यावर सोपवलं. मात्र कॅमेऱ्याला उजेड लागतो, लेझर अंधाऱ्या माजघरातही चालतो.

पुढचं काम नांगरटीसारखं: शेजारीशेजारी समांतर तासं. बाजूचा ब्रश कडेचा केर आत लोटतो, पोटाखालचा उचलतो, मोटर तो डबीत ओढते.

सोनगीरची अडचण सुरू होईल ती घासून लखलखीत केलेल्या हंड्या-कळशांपाशी. चकचकीत धातूवरून किरण भलतीकडेच उडतो आणि समोरचं भांडं नकाशात नीट उमटत नाही. आरशापुढेही हीच गत. अशा वेळी भिस्त पुढच्या धडकपट्टीवर: भांड्याला हलका ठोका, मग माघार. काळ्या फरशीचं वेगळंच. पोटाखालच्या अवरक्त संवेदकांकडे जमिनीवरून किरण परतला नाही, की पुढे पायरी आहे असं यंत्र धरून चालतं. काळा रंग किरण शोषतो, म्हणून सपाट जमिनीवरही ते बिचकून मागे फिरतं.

आणि उंबरठा. बहुतेक यंत्रं दोनेक सेंटिमीटरच चढतात. ड्रीमीने 2025 मध्ये एक्स 50 ला त्यासाठी चक्क दुमडते पाय दिले; 6 सेंटिमीटरपर्यंत चढतो, असा कंपनीचा दावा आहे. पुण्याच्या पेपरमिंट कंपनीचे रोबो कारखान्यांच्या फरशा धुतात. तिथे पसारा मोठा, पण जमीन सलग. जुन्या खानदेशी घरासाठी रोबो घेणाऱ्याने पास्कल नंतर पाहावेत, आधी टेपने उंबरठा मोजावा.

तो उंच निघाला, तर यंत्र हातानेच उचलून पलीकडे ठेवायचं. तिथे आधीची खोली कुठेच दिसत नसल्याने त्याचा हिशेब मोडतो. चांगलं यंत्र मग जागेवर गिरकी घेऊन भोवताल पाहतं; ओळखीच्या भिंती सापडल्या तर कामाला लागतं, नाही तर नवा नकाशा काढायला घेतं.