सैन्याचा कैवार आणि सरकारची वकिली

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये तैनात असलेल्या एका अग्निवीराचा मृत्यू झाला. तो बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा होता. कर्तव्यावर असताना प्राण गमावलेला पहिला अग्निवीर म्हणून त्याची नोंद झाली. दुसऱ्याच दिवसापासून देशभर वाद पेटला तो त्याच्या कुटुंबाला काय मिळणार यावर. विरोधकांनी पेन्शनचा प्रश्न काढला, तर सैन्याने ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या सेवाकाळाचे वेतन असा हिशेब जाहीर केला. दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या जागी खरे होते. अग्निवीराला नियमित सैनिकासारखे निवृत्तिवेतन नाही, आणि मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांना मिळणारी एकरकमी रक्कम मोठी आहे. मात्र उजव्या विचारांच्या बहुतेक भाष्यकारांनी सैन्याचा खुलासा पुढे करून विषय मिटला असे जाहीर केले आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. चार वर्षांसाठी भरती झालेला मुलगा सैन्याचा नेमका कोण लागतो, हा तो प्रश्न. लष्कराबद्दल सर्वाधिक आस्थेने लिहिणाऱ्या मंडळींनी तो सर्वांत आधी विचारायला हवा होता.

वाशीम जिल्ह्याला या प्रश्नाची झळ थेट लागते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी एक आहे. उद्योग नावापुरते, शेती सोयाबीन-तुरीची आणि बहुतांशी पावसावर. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडच्या मुलाला दहावी-बारावीनंतर ज्या थोड्या वाटा दिसतात त्यांत सैन्य, निमलष्करी दले आणि पोलीस भरती या ठळक आहेत. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे ४० जवान मारले गेले, त्यांतले दोघे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. सीमेवरची बातमी या भागात दूरची कधीच नसते. म्हणून त्या बातमीवर भाष्य करणाऱ्यांची जबाबदारीही मोठी आहे. मराठीत हे भाष्य आज बऱ्याच अंशी उजव्या बाजूकडून होते. नागपूरच्या ‘तरुण भारत’ची परंपरा आहे, ब्रिगेडियर हेमंत महाजन यांच्यासारखे निवृत्त अधिकारी सातत्याने लिहितात, भाऊ तोरसेकरांसारख्या राजकीय भाष्यकारांचा मोठा श्रोतृवर्ग आहे. या प्रवाहाने मराठी वाचकाला संरक्षण या विषयाची गोडी लावली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. उदारमतवादी नियतकालिकांनी हा विषय वर्षानुवर्षे दुर्लक्षित ठेवला. लष्कर म्हणजे केवळ खर्चाची बाब, अशी त्यांची समजूत होती आणि ती चूक होती.

माझे म्हणणे एवढेच की उजव्या भाष्याचे मोल त्याने सैन्याच्या बाजूने सत्तेला धारेवर धरले तेव्हा वाढले, आणि सत्तेची तळी उचलली तेव्हा घटले. मराठीतल्या या परंपरेचा इतिहासच याची साक्ष देतो. सुरुवात टिळकांपासून करावी लागते. टिळक राजकारणात जहाल होते, तेव्हा त्यांना या परंपरेत कसे बसवता, असा आक्षेप येईल. पण १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे टिळक सामाजिक बाबतीत सनातन्यांच्या बाजूचे होते, आणि आजचा उजवा प्रवाह त्यांना आपला पूर्वज मानतो. या टिळकांनी पहिल्या महायुद्धात सरकारला मदत करायला नकार दिला नाही. त्यांनी अट घातली. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्ध परिषदेत राजनिष्ठेचे दोन शब्द बोलून त्यांनी संरक्षणाचा संबंध स्वराज्याशी जोडायला सुरुवात करताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना थांबवले, आणि टिळक सभागृह सोडून निघून गेले. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपदे देण्याचे वचन व्हाइसरॉयकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार जवान देतो, न दिल्यास ही रक्कम जप्त, असा तो प्रस्ताव होता. मदतीचा सौदा करू नये म्हणून गांधीजींनी धनादेश परत केला. नैतिक भूमिका गांधीजींची उंच असेल, पण सैनिकाचा विचार टिळकांच्या प्रस्तावात अधिक होता. ज्या सैन्यात आपला मुलगा मरायला जाणार, त्या सैन्यात त्याला कोणता दर्जा मिळणार, हे भरतीआधी ठरले पाहिजे, असा त्याचा अर्थ. अग्निवीराबद्दलचा प्रश्न याच जातीचा आहे.

याच परंपरेत पुढे उलटा धडाही आहे, आणि तो लपवून चालणार नाही. टिळकांनंतरच्या ‘केसरी’ने १९२०च्या दशकात आणि त्यानंतर मुसोलिनीच्या इटलीबद्दल कौतुकाने लिहिले. ‘केसरी’चे लंडनचे बातमीदार द. वि. ताम्हणकर यांचे मुसोलिनी आणि फॅसिझमवरचे पुस्तक १९२७ मध्ये आले. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले, तिथल्या युवक संघटनांची शिस्त पाहून भारावले, आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला लष्करी शाळा उभी राहिली. तरुणांना लष्करी शिक्षण मिळावे ही मुंज्यांची तळमळ खरी होती आणि शाळा आजही चालू आहे. पण ज्या इटलीला या मंडळींनी आदर्श मानले, तिच्या सैन्याची खरी ताकद त्यांनी तपासली नाही. गणवेश, संचलन आणि घोषणा त्यांनी पाहिल्या. रणगाड्यांचा दर्जा, रसद, सेनापतींची तयारी यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. १९४०-४१च्या हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेत सव्वा लाखाहून अधिक इटालियन सैनिक युद्धकैदी झाले, आणि त्या लढाईत भारतीय चौथी डिव्हिजन होती. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरावर इटालियन मोर्चे फोडणाऱ्या तुकड्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. मराठी संपादकांनी ज्या फौजेचे गोडवे गायले, तिचा पराभव करण्यात मराठी शेतकऱ्यांच्या मुलांचा वाटा होता. संपादकांना ज्याचा अंदाज आला नाही, ते या मुलांनी रणांगणावर पाहिले.

१९६२ मध्ये हा प्रवाह पुन्हा आपल्या चांगल्या वळणावर आला. चीनबद्दलचा धोक्याचा इशारा वल्लभभाई पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात नेहरूंना दिला होता. हिंदुत्ववादी लेखक तिबेटच्या प्रश्नावर सरकारला सतत टोचत राहिले, आणि या बाबतीत त्यांचे म्हणणे डाव्यांच्या म्हणण्यापेक्षा वास्तवाच्या जवळ होते. युद्ध चालू असतानाच जनसंघाच्या अटलबिहारी वाजपेयींनी संसदेचे अधिवेशन बोलावण्याची मागणी केली, नेहरूंनी ती मान्य केली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शत्रू अजून आपल्या भूमीवर असताना सभागृहात टीका झाली. याच सुमारास संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. युद्धकाळात प्रश्न विचारल्याने मनोबल खचते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. मनोबल खचवले ते हिमालयात सुती कपड्यांत पाठवलेल्या पलटणींच्या हालांनी. वाजपेयींच्या भाषणाने ते खचले नाही.

युद्धाच्या वेळी गुप्तता लागतेच, असा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक शब्द वापरले. पहलगामच्या हत्याकांडानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी सरकारने वाहिन्यांना लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण न करण्याची सूचना दिली, ती योग्यच होती. पण मोहिमेचा तपशील झाकणे वेगळे आणि न झालेला विजय सांगणे वेगळे. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना ८ मेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले, आणि ते खोटे होते. त्यातून शत्रूला काही कळले नाही, पण आपल्याच लोकांना फसवले गेले. त्यानंतर ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सुरुवातीच्या टप्प्यात विमाने गमावल्याचे मान्य केले आणि चूक कशी समजली, कशी सुधारली हे सांगितले. २०१९ मधल्या बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतरही असेच घडले. हवाईदल प्रमुख धनोआ म्हणाले की मृतांची मोजणी हवाईदलाचे काम नाही, तोवर इकडे २५० आणि ३००चे आकडे छापून झाले होते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, हेही धनोआंनंतरच्या हवाईदल प्रमुखांनीच पुढे ऑक्टोबरमध्ये मान्य केले. सैन्य स्वतःच्या चुका कबूल करायला तयार असते. त्याचे कैवारी मात्र तयार नसतात, आणि मला याची खरोखर चीड येते, कारण चूक लपली तर तिची किंमत पुढच्या वेळी वैमानिक आणि शिपाई मोजतात.

दुसरा आक्षेप असा की डाव्या आणि उदारमतवादी बाजूचे भाष्यही पक्षपाती असते, मग उजव्यांनाच का बोल लावता? आरोप खरा आहे. १९६२ मध्ये चीनला दोष द्यायला कचरणारे डावे होते, आणि तो मतभेद १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटण्याच्या कारणांपैकी एक होता. आज सरकारविरोधापायी सैन्यावर अविश्वास दाखवणारेही आहेत. पण सैन्य आपले सर्वस्व आहे असा दावा करतो तो उजवा प्रवाह, म्हणून कसोटीही त्याची कडक. शिवाय उजव्या बाजूच्याच प्रामाणिक माणसांनी हा मार्ग दाखवला आहे. २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवले की सैन्याच्या दारूगोळ्याच्या ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणार नाही. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे उपसेनाप्रमुखांनी ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याचे सांगितले, आणि समितीने ते अहवालात स्पष्ट नोंदवले. समितीचे अध्यक्ष होते भाजपचे खासदार मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. त्यांनी पक्षाची अडचण पाहिली नाही. काही महिन्यांनी त्यांचे अध्यक्षपद गेले. देशभक्तीवर दिवसरात्र बोलणाऱ्या किती भाष्यकारांनी तेव्हा त्यांची बाजू घेतली? अग्निवीर भरतीची ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली तेव्हाही मेजर जनरल जी. डी. बक्षी यांच्यासारखा कट्टर राष्ट्रवादी निवृत्त अधिकारी उघडपणे विरोधात बोलला. आणि पुण्याचे माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या आत्मकथनातले जे उतारे डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तसंस्थेने दिले, त्यांत ही योजना नौदल आणि हवाईदलाला अनपेक्षित धक्का होती, आणि सुरुवातीला ठरलेले २० हजारांचे वेतन सैन्याच्या आग्रहाने ३० हजार झाले, असे आहे.

अग्निपथ चुकीचीच आहे असे मी म्हणत नाही. सैन्याचे सरासरी वय कमी करणे, निवृत्तिवेतनावरचा खर्च आटोक्यात ठेवून शस्त्रांसाठी पैसा मोकळा करणे, ही उद्दिष्टे गंभीर आहेत. पण पुराणमतवादी विचाराच्या मुळाशी असलेली एक जाणीव या योजनेला थेट भिडते. पलटण हा पिढ्यांचा संस्कार आहे, तो चार वर्षांत अंगी मुरत नाही, असे हाच विचार आजवर सांगत आला. मग तोच विचार मानणाऱ्यांनी चार वर्षांनंतर २५ टक्क्यांना कायम आणि बाकीच्यांना परत या सूत्रावर मौन का पाळावे? त्यांनी हे सूत्र तपासले असते तर सरकारला सुधारणा करायला जागा मिळाली असती.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला दाखल झाल्या. २०२६ संपता संपता त्यांची चार वर्षे पुरी होऊ लागतील आणि मोठा गट सेवानिधीची रक्कम घेऊन गावी परतेल, त्यांत वाशीमची मुलेही असतील. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा जून २०२२ मध्ये झाली होती. त्या जागा प्रत्यक्ष किती भरल्या जातात, राज्य पोलीस भरतीत त्यांच्या प्रशिक्षणाला काय मोल मिळते, जखमी होऊन परतलेल्याच्या उपचाराचा खर्च कोण उचलतो, हे आकडे जिल्हावार मागण्याचे काम उजव्या भाष्यकारांनी आत्ताच हाती घ्यावे. विरोधकांनी विचारले तर सरकार त्याला राजकारण म्हणून झटकून टाकते. आपल्याच पाठीराख्यांनी सैनिकाच्या वतीने विचारलेला प्रश्न मात्र सरकारला तसा झटकता येत नाही.